कशाभिका नसलेले जंतूही रोग करतात, मग? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कशाभिकांवरच्या (जंतूंना पोहायला लावणाऱ्या, चाबकासारख्या बारीक शेपटीवरच्या) माझ्या लेखावर तुम्ही मनापासून हरकत घेतलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं : शिगेला, क्लेब्सिएला यांना कशाभिका नसतात, तरी ते रोग करतात, म्हणजे मी तिचं महत्त्व वाढवून सांगितलं. शिवाय शरीर कशाभिका ओळखत असेल, टायफॉइडसाठीच्या विडाल या रक्तचाचणीत तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं दिसत असतील, तर टायफॉइड होतोच कसा?

शिगेलाचं खरं आहे. पण तो आपल्या पेशीत शिरून तिथलंच ॲक्टिन हे प्रथिन वापरून पुढे सरकतो, त्याला पोहायची गरजच नाही. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूला मात्र ती गरज आहे. जठरातल्या आम्लात त्याचा फार काळ निभाव लागत नाही, श्लेष्म्यातून पोहत अस्तर गाठावंच लागतं. कशाभिका निकामी केलेल्या पायलोरीला प्रयोगातल्या प्राण्यांच्या जठरात नीट बस्तान बसवता आलं नाही.

तुमचा दुसरा प्रश्न खरा मोलाचा. कशाभिका फ्लॅजेलिन या प्रथिनाच्या हजारो रेणूंची बनते. आपल्या पेशींवरचा टीएलआर-५ हा ग्राहक फ्लॅजेलिन ओळखतो, हे २००१ मध्ये कळलं. तो पकडतो नेमका तोच भाग, ज्याच्या आधारे हे रेणू एकमेकांत बसतात. जंतूने तो बदलावा, तर कशाभिकाच धड बनत नाही. पायलोरीने तरीही तो बदलला आणि रेणूत दुसरीकडे फेरफार करून जुळणी टिकवली. हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते.

टायफॉइडचा जंतू वेगळी वाट धरतो. आतड्यात तो पोहतो. ऊतींमध्ये शिरला की त्याचं टीव्हीआय-ए हे नियंत्रक प्रथिन फ्लॅजेलिन बनवणं कमी करतं आणि अंगावर व्हीआय नावाचं शर्करेचं आवरण चढवतं. शरीराला वेळेत सुगावा लागत नाही. टायफॉइडचा ताप दिवसेंदिवस चढत जातो, तर अन्नातून विषबाधा करणारा त्याचा भाऊबंद टायफीम्युरियम एक-दोन दिवसांत जुलाबांनी हैराण करतो, त्यामागचं हे एक कारण. कशाभिकेची प्रतिपिंडं तयार होतात ती नंतर. तोवर जंतू भक्षक पेशींच्या आत जाऊन बसलेला असतो, आणि तिथे प्रतिपिंडं पोचत नाहीत.

आता तुमच्या भाच्याचा रिपोर्ट, ज्यात फक्त ‘एच’ (कशाभिकेविरुद्धची प्रतिपिंडं) वाढलेला आहे. विडालच्या नळीत ‘एच’चे गुठळे पिंजलेल्या कापसासारखे सैल दिसतात, कारण लांब कशाभिका एकमेकींत गुंततात, ‘ओ’चे (जंतूच्या अंगावरच्या घटकांविरुद्धच्या प्रतिपिंडांचे) बारीक, रवाळ असतात. ‘एच’ची प्रतिपिंडं जुन्या संसर्गानंतर किंवा जुन्या पद्धतीच्या लसीनंतरही बराच काळ रक्तात राहतात. आपल्याकडे तेवढ्यावर अँटिबायोटिक सुरू होतं, याची मला खरंच काळजी वाटते. ताप अजून असेल आणि गोळ्या सुरू केल्या नसतील, तर आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) करता येईल का, हे डॉक्टरांना आजच विचारा.