‘गोर्दो’ म्हणा, कुणी रागावत नाही?

स्पॅनिश शिकणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो. त्यात तीन दावे आहेत: ‘गोर्दो’ (जाड्या), ‘नेग्रो’ (काळ्या) या लाडाच्या हाका आहेत, कुणी रागावत नाही; असे शब्द सगळ्या स्पॅनिशभाषक देशांत सारखेच चालतात; आणि ‘तू’ (आपल्यासारखंच ‘तू’) जवळच्यांसाठी, ‘उस्तेद’ (तुम्ही) परक्यांसाठी.

पहिला दावा अर्धा खरा. अर्जेंटिनात नवरा काडीपैलवान असला तरी बायको त्याला खुशाल ‘गोर्दो’ म्हणते. गायिका मेर्सेदेस सोसा तर अख्ख्या देशाची ‘ला नेग्रा’ (काळी) होती. पण त्याच देशात भांडण पेटलं की ‘नेग्रो’ची जातीवाचक म्हणावी तशी शिवी होते. आणि देशाबाहेर? नोव्हेंबर 2020 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून खेळणाऱ्या उरुग्वेच्या फुटबॉलपटू एडिन्सन कावानीने अभिनंदन करणाऱ्या मित्राला इन्स्टाग्रामवर ‘ग्रासिआस नेग्रितो’ (थँक्यू, काळ्या) असं उत्तर दिलं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तीन सामन्यांची बंदी घातली, वर एक लाख पौंड दंड. उरुग्वेच्या भाषा अकादमीने या बंदीचा जाहीर निषेध केला, आणि माझ्या मते तो रास्तच होता. तरी ‘कुणी रागावत नाही’ हे कावानीला सांगून बघा.

दुसरा दावा तर पार फसलेला. दोस्ताला मेक्सिकोत ‘ग्वेय’ म्हणतात, माद्रिदमध्ये ‘तिओ’, व्हेनेझुएलाच्या काराकासमध्ये ‘चामो’. चिलीत ‘ग्वाग्वा’ म्हणजे तान्हं बाळ, क्युबात सिटी बस. हवानात कुणी ‘ग्वाग्वा उशिरा आली’ म्हणालं, तर चिलीचा पाहुणा पेढे मागायचा!

तिसरा दावा पाठ्यपुस्तकातून आलाय, म्हणून जास्त चिवट. कोलंबियाची राजधानी बोगोतात नवरा-बायको, भाऊ-भाऊ, जिवलग मित्र एकमेकांना सर्रास ‘उस्तेद’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘अहो’सारखं वाटेल, पण तिथे नवराही बायकोला तेच म्हणतो, आणि घरातल्या कुत्र्यालाही ‘इकडे या’ असंच बोलावतात. शेजारच्या बोयाका प्रांतात ‘सुमेर्से’ चालतं. मूळचं हे ‘सु मेर्सेद’, म्हणजे मालकासमोर हात जोडून म्हणायचं ‘आपली कृपा’. आज तिथे आई लेकराला त्याच शब्दाने जेवायला हाक मारते.

राहिला ‘तू’. तो ब्युनोस आयरेसमध्ये जिवलगांनाही कुणी म्हणत नाही, तिथे ‘वोस’.