रनटाइम आणि अकाउंट्सवाले सर

नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा आमचा रनटाइम. तो सोडून बन या नव्या रनटाइमवर जायचं की नाही, हे आमच्याकडे काल ठरलं. ठरवलं अकाउंट्सच्या सरांनी. त्यांचा आमच्या मीटिंगशी संबंध एवढाच, की त्या खोलीचं पुढचं बुकिंग त्यांचं होतं आणि ते वेळेआधीच येऊन कोपऱ्यात बसले होते.

मी तुलनेचं चांगलं जाडजूड टिपण करून नेलं होतं. बनमध्ये नोडसारखं क्रोमचं व्ही-एट नाही, सफारीचं जावास्क्रिप्टकोअर इंजिन आहे, तेव्हा थेट व्ही-एटला चिकटलेली नेटिव्ह, म्हणजे सी++मध्ये लिहिलेली, मोड्यूल्स आधी तपासायला हवीत, इथपर्यंत आलो आणि कोपऱ्यातून आवाज आला.

"अहो, आत्ताचं बंद पडलंय का?"

"नाही सर. नवीन जास्त वेगवान आहे."

"काय वेगात होतं?"

"पॅकेजेस इन्स्टॉल होतात. सर्व्हरही पटकन उठतो."

"रोज उठवावा लागतो?"

मॅनेजर हसला. सरांना चेव आला. "आणि टिपणातलं ते डेनो काय?"

सांगितलं, तिसरा रनटाइम. रायन डालने २००९ साली नोड काढलं. २०१८ मध्ये बर्लिनला स्टेजवर उभं राहून, नोडबद्दल आपल्याला कोणत्या दहा गोष्टींचा पश्चात्ताप होतो ते सांगितलं आणि त्याच भाषणात डेनो दाखवलं.

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे आपल्याच मालाला नावं ठेवून शेजारी दुसरं दुकान टाकलं?"

"तसंच काहीसं."

"आणि गिऱ्हाईक पुन्हा तुम्हीच?"

मॅनेजरने टेबल बडवलं.

"फुकट आहे ना सगळं?"

"हो, ओपन सोर्स."

"मग बदलायचा खर्च कोणाचा?"

"व्हॅलिड पॉइंट, सर!" मॅनेजर म्हणाला.

अहो, हाच पॉइंट माझ्या टिपणाच्या पहिल्या पानावर होता. ठळक अक्षरांत: बदलायचा खर्च आहे, फायदा नाही! आमचा रिपोर्ट रखडतो तो डेटाबेसच्या एका क्वेरीपायी, कारण त्या टेबलवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी शोधसूची, नाही. रनटाइम कुठलाही आणा, उत्तर येईपर्यंत तो ताटकळतच बसणार. इंडेक्स टाका म्हणून मी कधीचा ओरडतोय, पण इंडेक्स टाकल्याचं कौतुक कोण करणार? सप्टेंबर २०२३ मध्ये बनचं १.० आलं, तेव्हापासून मॅनेजर वेगाचे आलेख फॉरवर्ड करतो. त्यातला सर्व्हर नुसतं 'हॅलो वर्ल्ड' म्हणतो. आमचा जीएसटीची बिलं काढतो. हा फरक सांगायला गेलं की मी निगेटिव्ह.

असो. प्रॉडक्शनवर नोडचं एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारं व्हर्जनच राहणार. कोणाला हौस असेल त्याने आपल्या लॅपटॉपवर बन चालवावं. मिनिट्समध्ये अकाउंट्सचे विशेष आभार आहेत. इंडेक्सचा उल्लेखही नाही.

खोली रिकामी करताना सरांनी मला थांबवलं. "या तुलनेत बरेच तास गेले असतील ना? टाइमशीटमध्ये कोणत्या क्लायंटला लावलेत?"

"इंटर्नल."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे नॉन-बिलेबल," म्हणाले, आणि लिहून घेतलं.