त्या गोल्डफिशच्या नावाने मुलांचे विज्ञानाचे व्हिडिओ बंद करू नका

परवा घरच्या ग्रुपवर ताईने एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘आजपासून याचे ते विज्ञानाचे व्हिडिओ बंद.’ याचे म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याचे. मेसेज असा: २००० साली माणसाचं लक्ष १२ सेकंद टिकायचं, आता ८, गोल्डफिशचंसुद्धा ९ सेकंद टिकतं. मिनिटभराच्या व्हिडिओतून विज्ञान कळत नाही. आधीच्या पिढ्या पुस्तकं वाचून घडल्या. म्हणून मुलांचे शैक्षणिक व्हिडिओही बंद करा.

आधी तो मासा. हे आकडे मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेच्या २०१५ सालच्या एका अहवालामुळे जगभर पसरले. पण तिथेही ते कुणी मोजलेले नव्हते, ‘स्टॅटिस्टिक ब्रेन’ नावाच्या वेबसाइटवरून उचललेले होते. २०१७ मध्ये बीबीसीच्या पत्रकाराने त्या वेबसाइटने दिलेल्या संदर्भांचा माग काढला. ज्यांची नावं दिली होती, त्यांच्याकडे अशा संशोधनाची नोंदच सापडली नाही. लक्ष किती टिकेल हे समोर काम कोणतं आहे त्यावर ठरतं, त्याची सरासरी काढण्यात अर्थ नाही, असं मानसशास्त्राच्या अभ्यासकाने बीबीसीच्या त्याच बातमीत स्पष्ट सांगितलंय. आणि ज्या माशाला नावं ठेवता, त्याच्यावर १९६०च्या दशकापासून स्मरणशक्तीचे प्रयोग होत आलेत, कारण तो शिकतो आणि शिकलेलं त्याच्या लक्षात राहतं. ज्याला मूळच नाही अशा आकड्यावरून एका मुलाचं कुतूहल बंद करायचं? मला याचाच संताप येतो.

मिनिटभरात काय कळतं? पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत मुलांसाठी असलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी दाखवणारे छोटे व्हिडिओ वर्षानुवर्षं केले, मराठीतही. तशाच एका व्हिडिओत भाच्याने स्ट्रॉची पिपाणी पाहिली. नारळपाणीवाल्याकडून स्ट्रॉ मागून आणल्या, टोक दाताने चपटं केलं, कात्रीने दोन्ही बाजूंनी तिरकं कापलं. वाजेना. टोक नीट दबलं नव्हतं हे त्याचं त्यालाच कळलं. मग वाजवता वाजवता दुसरं टोक कापत गेला, तसा आवाज बारीक होत गेला. आतला हवेचा स्तंभ आखूड झाला की कंपनं भराभर होतात, हे मी नंतर सांगितलं; आखूड म्हणजे बारीक, हे त्याने आधीच शोधलं होतं. व्हिडिओ दीड मिनिटाचा, पण पोरगं दोन तास जागचं हललं नाही. ताई, हे तुझ्याच ओट्याशेजारी चाललं होतं गं!

आधीच्या पिढ्यांचं म्हणाल, तर घरात पुस्तकं होती किती जणांच्या? बहुतेकांनी पाठ्यपुस्तकापलीकडे काही पाहिलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. अमेरिकेतल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या मोजणीत एका स्क्रीनवर नजर ठरण्याचा सरासरी वेळ २००४ मधल्या अडीच मिनिटांवरून अलीकडे ४७ सेकंदांवर आलाय. पिपाणीच्या व्हिडिओपाठोपाठ आपोआप सुरू होणारे रील्स मुलाला खेचून नेतात, ही ताईची भीती खोटी नाही. पण मग ते आपोआप सुरू होणं बंद करा. व्हिडिओ उतरवून घ्या, दाखवा, फोन बाजूला ठेवा आणि कात्री हातात द्या.

ताईने अजून उत्तर दिलेलं नाही. भाच्याचा मात्र रात्री फोन आला: स्ट्रॉला मधे भोक पाडलं तर आवाज बारीक होतो, मग बोटाने झाकलं की पुन्हा जाड कसा होतो?