आठ तास आमण्यापासून मोजलेत, ठाण्यापासून नाही

लेखात 'मुंबई-नागपूर आता आठ तासांत' असं लिहिलंय. आमचं गाव मेहकरजवळ आणि राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला, त्यामुळे समृद्धी महामार्गाचं मोल आम्हाला कुणी सांगायला नको. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टळला. आईचे गुडघे गेलेत, तिला गाडीत फार वेळ बसवत नाही. आता ती महालक्ष्म्यांना गावी येऊ शकते. यासाठी मनापासून आभार.

पण आमणे म्हणजे मुंबई नव्हे हो, ते भिवंडी तालुक्यात आहे! तिथवर पोचायला आधी माजिवडा, खारेगाव, माणकोली, रांजनोली, वडपे. गेल्या खेपेला एवढ्याशा पट्ट्यातच आमचे अडीच तास गेले. ७०१ किमीचा रस्ता बांधून झाला, मग हे शेवटचं तोंड का तुंबलेलं राहावं? ठाणे-वडपे रुंदीकरण आधी पुरं करा.

आणि गाडी चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती. १२० ची मर्यादा पाळाच. रस्ता सरळसोट आहे, डोळा कधी लागतो कळत नाही. दीड-दोन तासांनी थांबून तोंडावर पाणी मारा, निघण्याआधी टायर तपासा, उन्हाळ्यात तर नक्कीच. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली. आमच्याच जिल्ह्यातली ती जागा. तिथून जाताना आई अजूनही हात जोडते.