‘वॉक अवे रेने’ मूळचे कोणाचे? एक खुलासा

‘वॉक अवे रेने’ हे इंग्रजी गाणे मूळचे फोर टॉप्स या अमेरिकन गायकगटाचे असून लंडनच्या ‘लेफ्ट बँक’ या बँडने ते नंतर उचलले, असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. लेफ्ट बँक हा बँड 1965 मध्ये न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. नाव पॅरिसची (तिथल्या सीन नदीच्या डाव्या काठाची) आठवण देणारे आणि गाण्याची ढब ब्रिटिश, त्यामुळे गैरसमज होणे तसे स्वाभाविकच. व्हायोलिनवादक हॅरी लुकॉफ्स्की यांच्या स्टुडिओत हे तरुण जमत, आणि त्यांचाच मुलगा मायकेल ब्राउन हा बँडचा कीबोर्डवादक होता. सोळाव्या वर्षी त्याने सहलेखन केलेले हे गाणे 1966 मध्ये स्मॅश रेकॉर्ड्सने काढले आणि ते बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. जिच्यावरून ते सुचले ती मुलगी ध्वनिमुद्रणाच्या वेळी समोर असल्याने हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखे जुने वाद्य वाजवताना आपले हात थरथरू लागले आणि तो भाग नंतर पुन्हा वाजवावा लागला, असे ब्राउननेच पुढे सांगितले होते. फोर टॉप्सची आवृत्ती त्यानंतरची. ती अमेरिकेत 1968 मध्ये चौदाव्या क्रमांकावर गेली. ती उत्तमच आहे, पण मूळ नव्हे.