बेब रूथच्या आधीही धावांचा पाऊस पडत होता

‘व्यावसायिक बेसबॉलच्या आरंभकाळात धावा जेमतेमच होत; 1921 साली अमेरिकेचा विख्यात खेळाडू बेब रूथने होम रनच्या (ज्या फटक्यावर फलंदाज थेट पूर्ण फेरी मारून धाव घेतो) जोरावर 177 धावा केल्या तेव्हा कुठे खेळात धावा आल्या, आणि एका हंगामातला तो विक्रम आजही अबाधित आहे,’ अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्यातला 177 हा आकडा तेवढा बरोबर आहे.

आधी विक्रमाचे पाहू. रूथचा आकडा 1900 नंतरच्या काळापुरताच सर्वोच्च आहे. फिलाडेल्फियाच्या बिली हॅमिल्टनने 1894 मध्ये जुन्या नोंदींप्रमाणे 192, तर फेरमोजणीनुसार 198 धावा केल्या, त्याही रूथपेक्षा सुमारे वीस सामने कमी खेळून. इतकेच काय, 177 धावाही टॉम ब्राउनने 1891 मध्येच केल्या होत्या.

‘आरंभकाळात धावा जेमतेम’ हे विधान तर काळाचीच गल्लत करते. 1871 मध्ये, नॅशनल असोसिएशन या पहिल्या व्यावसायिक लीगच्या पहिल्या हंगामात, प्रत्येक संघ सामन्यामागे सरासरी दहाहून अधिक धावा करत होता, कारण क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी चेंडू अडवत आणि त्यांच्या चुकांना सुमार नसे. त्या वर्षी बोस्टनच्या रॉस बार्न्सने 31 सामन्यांत 66 धावा केल्या. 1876 मध्ये, नॅशनल लीगच्या पहिल्याच हंगामात, त्यानेच शिकागोकडून 66 सामन्यांत 126. धावांचा दुष्काळ पडला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, फाउल चेंडू (हद्दीबाहेर गेलेला फटका) स्ट्राइक धरण्याचा नियम आल्यानंतर; तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद होतो. 1908 ची टंचाई 1871 च्या माथी मारण्यात अर्थ नाही.

होम रनचा मुद्दा आपल्याकडे चटकन पटतो, कारण आपली नजर क्रिकेटची आहे. बेसबॉलमध्ये धाव फटका मारणाऱ्याच्या नव्हे, तर बेस म्हणजे मैदानावरचे ठरावीक थांबे क्रमाने गाठत फेरी पूर्ण करून होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजीच्या जागी, परतणाऱ्याच्या नावावर लागते. हॅमिल्टन वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस) किंवा साधा फटका मिळवून पहिला बेस गाठे, पुढचा बेस चोरे, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत गाठे, आणि मागून येणारे डेलहँटी, थॉम्पसन यांच्यासारखे फलंदाज त्याला घरी आणत. त्या हंगामात त्याचे होम रन होते अवघे चार. 1876 मध्ये बार्न्सचा तर एकच, आणि तोही नॅशनल लीगमधला पहिलावहिला. खुद्द रूथचे 1921 मधले होम रन 59. म्हणजे उरलेल्या 118 धावा त्याने स्वतःच्या होम रनविनाच केल्या.

‘त्या धावा स्वस्त होत्या’ हा आक्षेप मात्र अंशतः मान्य करावा लागतो. बार्न्स चेंडू असा टोलवी की तो आधी मैदानाच्या हद्दीत टप्पा घेऊन बाहेर वळे, आणि तरीही तो वैध ठरे. 1877 मध्ये नियम बदलून ही वाट बंद करण्यात आली. हॅमिल्टनलाही 1893 मध्ये पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे) फलंदाजापासूनचे अंतर वाढून 60 फूट 6 इंचांवर गेल्याचा लाभ झाला. परंतु तो सर्वांनाच झाला होता, आणि तरीही 1894 मध्ये लीगमधला दुसरा कोणीही खेळाडू 170 धावांपर्यंत पोचला नाही.