नवी मोटारसायकल आणि ‘लवकर टॉप टाका’ हा सल्ला

सोयाबीन विकून हाती पैसा आला की दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या घाटंजी तालुक्यात दारोदारी नव्या मोटारसायकली उभ्या राहतात आणि त्यांच्यामागोमाग मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: नवी गाडी पहिले 1000 किलोमीटर 40 च्या वर नेऊ नये, 20 चा वेग आला की टॉप गिअर टाकावा आणि शक्यतो उतरवू नये, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिन घासते, रोज रात्री गाडी स्टँडवर लावून अर्धा तास चालू ठेवावी, आणि कंपनीतून आलेले ऑइल 3000 किलोमीटरपर्यंत बदलू नये. यातली पहिली सूचना अर्धी खरी आहे. उरलेल्या तिन्ही पाळल्या तर कष्टाच्या पैशाने घेतलेल्या गाडीचे नुकसान होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वेगाला आवर घालावा, हे मान्यच आहे. गाडीच्या पुस्तिकेतही सुरुवातीच्या किलोमीटरसाठी मर्यादा दिलेली असते आणि तीच प्रमाण मानावी. शिवाय नव्या ब्रेकचे लायनर बसायला आणि टायरचा गुळगुळीतपणा जायलाही थोडे दिवस लागतातच. परंतु वेगाचा काटा चाकाचा वेग सांगतो, इंजिनाचा नव्हे. दुसऱ्या गिअरमध्ये 40 ने जाणारे इंजिन किंचाळत असते, तर चौथ्यात तेच इंजिन निवांत चाललेले असते. म्हणून ‘40’ हा आकडा गिअर सांगितल्याशिवाय अपुरा आहे. त्यातही सरळ डांबरी रस्त्यावर तासभर काटा एकाच आकड्यावर धरून ठेवणे नव्या इंजिनाला मानवत नाही. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात; त्यांत ऑइल टिकते आणि त्यांच्या टोकांवर घासून पिस्टनच्या रिंगा भिंतीशी नीट बसतात. जळत्या वायूचा दाब रिंगेला मागून भिंतीकडे रेटतो, त्यामुळे हा दाब कमी-जास्त होत राहावा, म्हणजेच वेग थोडा वाढवावा, थोडा सोडावा, हे चांगले.

खरा घात दुसऱ्या सूचनेत आहे. आपल्याकडे सर्वाधिक चालणाऱ्या चार गिअरच्या 100 सीसी गाडीचा हिशेब मांडून पाहा. टॉप गिअरमध्ये ताशी 20 किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला जेमतेम 1900 फेरे होतात. उभ्या गाडीचे आयडलिंगच, म्हणजे रेस न देता इंजिनाचे नुसते चालणे, 1400 च्या आसपास असते आणि अशा इंजिनाची सर्वाधिक ओढ 6000 च्या जवळपास मिळते. म्हणजे ज्या ठिकाणी इंजिनात ताकदच नाही, तिथे आपण त्याच्याकडून गाडी, माणूस आणि ओझे ओढून घेतो. ऑइलचा पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालत असल्याने फेरे घटले की ऑइलचा पुरवठाही घटतो, आणि नेमक्या त्याच वेळी पूर्ण पिळलेल्या रेसमुळे पिस्टनवरचा भार वाढलेला असतो. साखळीला गचके बसतात ते वेगळेच. खालचा गिअर इंजिनाचा भार हलका करण्यासाठीच दिलेला आहे.

माझ्या पुतण्याने गेल्या हंगामात अशीच नवी गाडी घेतली. मागे त्याचे वडील, पेट्रोलच्या टाकीवर 45 किलोची युरियाची गोणी, आणि समोर नाल्यापलीकडचा चढ. काटा 25 वरून 18 वर आला, टाकीतून थरथर हाताला लागू लागली, इंजिन टकटक ठोकू लागले, तरी पोराचा पाय गिअरकडे जाईना. वर आल्यावर विचारले तर म्हणाला, ‘‘काका, नवी गाडी हाये, गिअर कमी केला तं इंजिन घासते म्हनतेत.’’ मी त्याला गोणी उतरवायला लावली आणि तोच चढ पुन्हा चढायला सांगितला. पायथ्याशीच रेस सोडून, टाचेने मागची पट्टी दाबून तिसरा, मग वेग पडायच्या आत दुसरा. या वेळी गाडी वर आली ती एकसारख्या आवाजात.

सपाट रस्त्यावर, एकट्याने जाताना मी पहिला गिअर फक्त गाडी उचलण्यापुरता वापरतो, 15 च्या आसपास दुसरा, 25 ला तिसरा आणि 35 च्या पुढे चौथा टाकतो. मागे माणूस असेल, काळ्या मातीची ओली पांदण असेल किंवा चढ असेल, तर प्रत्येक गिअर थोडा उशिरा टाकावा आणि लवकर उतरवावा. थरथर ही उशीर झाल्याची खूण आहे. तिची वाट पाहू नये.

रात्री अर्धा तास स्टँडवर गाडी चालू ठेवण्याबाबत फार लिहायला नको. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा गाडी पळताना मिळतो. उभ्या गाडीत ते तापत राहते, भार नसल्याने रिंगा बसत नाहीत आणि पेट्रोल फुकट जाते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला असताना तर हा प्रकार करूच नये.

ऑइलची सूचना मात्र सावधपणे तपासावी लागते, कारण तिला एक पटणारे कारण जोडलेले आहे: म्हणे त्यातली पावडर इंजिन घासून गुळगुळीत करते. सुरुवातीच्या घर्षणातून धातूचे बारीक कण निघतात, हे खरे आहे. पण मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल असते, त्यामुळे ते कण क्लचच्या प्लेटांतून आणि गिअरच्या दातांतूनही फिरतात. म्हणूनच पहिली सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना 500 ते 1000 किलोमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते, आणि ती चुकवली तर वॉरंटीचाही प्रश्न येऊ शकतो. बदलताना ट्रॅक्टरसाठी आणलेले उरलेले ऑइल ओतू नये. ओल्या, म्हणजे ऑइलात बुडून चालणाऱ्या क्लचसाठी बनवलेले, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच घ्यावे. पुतण्याच्या गाडीचे ऑइल 600 किलोमीटरला काढले, तेव्हा मी ते पसरट डब्यात धरून उन्हात तिरपे केले. काळपट ऑइलावर अभ्रकासारखी बारीक चमक तरंगत होती. ती पाहिल्यावर त्याने त्याच जागी उभे राहून तो संदेश मोबाइलमधून पुसून टाकला.